उष्णता खिशात नेताना

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पाण्याचे नमुने गोळा करण्यासाठी आम्ही प्रयोगशाळेची जीप घेऊन पावसाळ्यात घाटमाथ्यावर जात असू. एकदा जीपच्या मागच्या सगळ्या दिव्यांना मिळून असलेली अर्थिंगची जाडसर वायर तुटलेली आढळली. माझ्याजवळ पेन्सिल सेलवर चालणारे एक नवेकोरे सोल्डरिंग आयर्न होते. वजनाला हलके, खिशात मावणारे, वायरचे लोढणे नसलेले. ड्रायव्हरकाका म्हणाले, "साहेब, खाली गावात मेस्त्री आहे. त्याच्याकडून करून घेऊ." पण विज्ञानात डॉक्टरेट मिळवलेल्या माणसाला दोन वायरी जोडता येऊ नयेत? मीच बसलो. बराच वेळ आयर्न टेकवून धरल्यावर सोल्डर वितळले. सांधा काहीसा दाणेदार आणि निस्तेज दिसत होता, पण दिवे लागले. मी खूश झालो.

तीन आठवड्यांनी रात्री धुक्यात घाट उतरत होतो. वळणावर काकांनी ब्रेक दाबला आणि मागून येणारा ट्रक कर्कश आवाज करत आमच्यापासून हातभर अंतरावर येऊन थांबला. ट्रकचा ड्रायव्हर खाली उतरला. "मागं एक दिवा नाही तुमचा! मला दिसणार कसं?" तो म्हणाला. त्याचे बरोबर होते. घाटाखालच्या मेस्त्रीने वायरवरची टेप काढली आणि माझा सांधा दोन बोटांनी ओढला. तो अलगद सुटून आला. मग त्याने रॉकेलचा स्टोव्ह पेटवला, दांड्याला बसवलेला पाव किलोचा तांब्याचा ठोकळा त्यावर तापवला आणि चार-पाच सेकंदांत वायर जोडून दिली. तो सांधा पुढे कधी सुटला नाही.

स्टोव्हवर तापवलेला ठोकळा जिंकला आणि माझे आधुनिक आयर्न हरले, असे का झाले असेल? याचे उत्तर शोधायला निघालो तर उष्णता बरोबर वाहून नेण्याचा एक मोठा इतिहासच समोर आला. तो वर्गात सांगण्याजोगा आहे. वाहनाच्या वायरिंगसाठी बिनतारी आयर्न कसे निवडावे, या अगदी व्यावहारिक प्रश्नाचे उत्तरही त्यातच दडलेले आहे.

सांधा म्हणजे काय?

दोन धातूंचे तुकडे तिसऱ्या, लवकर वितळणाऱ्या धातूने जोडणे याला आपल्याकडे डाख देणे म्हणतात. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि शिसे ३२७ अंशांना. पण सुमारे ६२ भाग कथील व ३८ भाग शिसे यांचे संमिश्र मात्र १८३ अंशांनाच वितळते, म्हणजे दोन्ही घटकांच्या वितळणबिंदूंपेक्षा खाली. शिशाचे नळ जोडण्यासाठी रोमन लोक शिसे व कथील यांचे संमिश्र वापरत. पहिल्या शतकातल्या प्लिनीने त्याची नोंद करून ठेवली आहे.

मात्र सोल्डर हा डिंक नव्हे. वितळलेल्या कथलाचा तांब्याशी प्रत्यक्ष संयोग होऊन सीमेवर एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच सांधा धरून ठेवतो. त्यासाठी दोन गोष्टी लागतात. तांब्यावरचा ऑक्साइडचा थर निघून गेला पाहिजे आणि तांबे स्वतः पुरेसे तापले पाहिजे. आपल्या पिढीने दारात बसलेला कल्हईवाला पाहिला आहे. तो भात्याने भांडे आधी चांगले तापवतो, मग नवसागर टाकतो. पांढरा धूर निघतो, तांबे स्वच्छ होते आणि कथील भांड्यावर सरसर पसरते. भांडे थंड असेल तर कथलाचे गोळे होऊन ते नुसते घरंगळेल. माझ्या सांध्यात नेमके हेच झाले होते. सोल्डर आयर्नच्या टोकावर वितळले आणि अर्धवट तापलेल्या वायरीवर जाऊन बसले. कारागीर याला थंड सांधा म्हणतात.

जाता जाता एक इशारा. नवसागर भांड्याला चालतो, वायरीला नाही. तापल्यावर त्यातून आम्ल सुटते आणि त्याचा राहिलेला अंश बारीक तारा खात राहतो. विजेच्या कामात म्हणून राळच वापरतात. सोल्डरच्या तारेच्या पोटात ती भरलेलीच मिळते.

पहिला उपाय : तांब्यात साठवलेली उष्णता

शेकडो वर्षे कारागिरांचे साधन एकच होते. दांड्याला बसवलेला तांब्याचा ठोकळा शेगडीत तापवायचा आणि थंड होण्याआधी काम उरकायचे. हे एका अर्थाने पहिले बिनतारी सोल्डरिंग आयर्नच. त्यात साठा किती मावतो, याचा हिशेब दहावीचा विद्यार्थीही करू शकेल. तांब्याची विशिष्ट उष्णता प्रतिग्रॅम प्रतिअंश ०.३८५ ज्यूल. पाव किलोचा ठोकळा ४०० अंशांवरून २५० अंशांवर येईपर्यंत २५० × ०.३८५ × १५०, म्हणजे सुमारे १४ हजार ज्यूल उष्णता देतो. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक असल्याने ही उष्णता सांध्यात झपाट्याने उतरते.

अडचण शेगडीची होती. ती कामाच्या जागी न्यायची कशी? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस स्वीडनमध्ये यावर उत्तर निघाले. कार्ल रिखार्ड न्यूबर्ग याने १८८२ च्या सुमारास हातात धरता येणारा ब्लोलॅम्प तयार केला. १८९२ मध्ये लिंडक्विस्ट याने त्याच तत्त्वावर काजळी न धरणारा रॉकेलचा स्टोव्ह बनवला. हाच तो प्रायमस. आपल्या घराघरांत तो पोचला आणि घाटाखालच्या मेस्त्रीच्या टपरीतही.

दुसरा उपाय : भिंतीतून येणारी उष्णता

वीज आली तशी विजेवर तापणारी आयर्नही आली. बर्लिनच्या अर्न्स्ट साक्स याने १९२१ मध्ये कारखान्यात मोठ्या संख्येने बनवता येईल असे विजेचे आयर्न तयार केले. त्याच दशकात रेडिओचा प्रसार झाला आणि आयर्न ही प्रत्येक दुरुस्तीवाल्याची गरज बनली. पण ते तापायला कित्येक मिनिटे लागत. याला कंटाळलेल्या कार्ल वेलर या अमेरिकन रेडिओ दुरुस्तीवाल्याने १९४१ मध्ये एका पिस्तुलासारख्या आयर्नसाठी पेटंटचा अर्ज केला. १९४६ मध्ये ते त्याला मिळाले. त्याच्या मुठीत एक रोहित्र होते. दुय्यम वेटोळे जाड तांब्याचे, जेमतेम एखाद्या वेढ्याचे. व्होल्टेज अगदी कमी, प्रवाह मात्र प्रचंड. घोडा दाबला की टोक काही सेकंदांत तापे.

१९६० च्या दशकात त्याच कंपनीने टोकाचे तापमान राखण्याची एक सुंदर युक्ती आणली. टोकामागे लोह-निकेलच्या संमिश्राचा तुकडा बसवला. ठरावीक तापमानाला म्हणजे क्यूरी बिंदूला पोचला की त्याचे चुंबकीय गुण नाहीसे होतात. त्याला चिकटलेला छोटा चुंबक सुटतो आणि वीज बंद होते. टोक थोडे निवले की चुंबक पुन्हा चिकटतो आणि वीज सुरू होते. पियर क्यूरीचे १८९५ मधले संशोधन असे दुरुस्तीवाल्याच्या मुठीत येऊन बसले.

या सगळ्या आयर्नांना दोरी होती आणि दोरीचे दुसरे टोक भिंतीत होते. दरम्यान मोटारगाडीचे रूप बदलले होते. १९१२ मध्ये कॅडिलॅक गाडीत चार्ल्स केटरिंगने तयार केलेला विजेचा स्टार्टर बसवला गेला. त्यानंतर बॅटरी, डायनॅमो आणि विजेचे दिवे हे मोटारीचे नेहमीचे भाग झाले. वायरी वाढल्या आणि त्या तुटू लागल्या ते रस्त्यात, भिंतीतल्या प्लगपासून दूर. गाडीच्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी आयर्न निघाली आणि ती आजही मिळतात. पण वायरिंगचे काम सुरू करताना बॅटरीचे टर्मिनल आधी सोडवायचे असते आणि हे आयर्न तर त्याच बॅटरीवर जगते! म्हणून ते वापरायचेच तर दुसऱ्या, सुट्या बॅटरीवर वापरावे.

तिसरा उपाय : ज्योतीशिवाय ज्वलन

इंधन बरोबर न्यायचे, पण ज्योत नको, हे कसे साधेल? याची सुरुवात कोळशाच्या खाणीत होते. खाणीतल्या ज्वालाग्राही वायूने होणारे स्फोट टाळण्यासाठी हम्फ्री डेव्हीने १८१५ मध्ये आपला सुरक्षा-दीप तयार केला. त्याचेच पुढचे प्रयोग करताना १८१७ मध्ये त्याने एक नवल जाहीर केले. तापवलेली प्लॅटिनमची बारीक तार ज्वलनशील वायू व हवा यांच्या मिश्रणात धरली, तर ज्योत नसतानाही ती लालबुंद होऊन प्रकाशत राहते. दीप विझला तरी खाणकामगाराला थोडा उजेड मिळावा म्हणून अशी तार दीपात बसवावी, असे त्याने सुचवले.

१८२३ मध्ये येना येथील डोबेरायनरने पुढचे पाऊल टाकले. मूलद्रव्यांच्या त्रिकांमुळे हे नाव आपल्या विद्यार्थ्यांना ठाऊक असतेच. त्याने प्लॅटिनमच्या सच्छिद्र चूर्णावर हायड्रोजनचा झोत सोडला, तर तो आपोआप पेटला. काड्यापेट्या सर्रास होण्याआधी या तत्त्वावरचे डोबेरायनरचे दिवे लोकांनी विस्तव पेटवायला वापरले. स्वतः खर्च न होता क्रिया घडवून आणणाऱ्या या गुणाला बर्झेलियसने १८३५ मध्ये 'कॅटॅलिसिस' हे नाव दिले. आपण त्याला उत्प्रेरण म्हणतो.

या तत्त्वाला सोल्डरिंगच्या कामी लागायला दीडशे वर्षे जावी लागली. १९८० च्या दशकात ब्यूटेन वायूवर चालणारी, पेनाएवढी आयर्न बाजारात आली. आयर्लंडमधल्या कार्लो गावच्या एका कारखान्याची आयर्न जगभर गेली. त्यांत लायटरसारखा वायू भरायचा, एकदा पेटवायचे, मग आतली उत्प्रेरकाची जाळी तापते आणि तिच्या पृष्ठभागावर वायू ज्योतीशिवाय जळत राहतो. एक ग्रॅम ब्यूटेन जळाला की सुमारे ४५ हजार ज्यूल उष्णता सुटते. दहा ग्रॅममध्ये साडेचार लाख ज्यूल! यातली बरीचशी उष्णता मागच्या छिद्रातून गरम वायूबरोबर निघून जाते, तरी मेस्त्रीच्या ठोकळ्यातल्या १४ हजारांपुढे हा साठा अफाट आहे.

चौथा उपाय : घटात साठवलेली वीज

स्वीडनच्या वाल्डेमार युंगनर याने १८९९ मध्ये निकेल-कॅडमियमचा पुन्हा भारित करता येणारा विद्युतघट शोधला. त्याचे बंदिस्त, न सांडणारे रूप विसाव्या शतकाच्या मध्याला आले. त्यावर चालणारी बिनतारी आयर्न १९७० च्या दशकात अमेरिकेत चांगलीच रुळली. त्यांचा हिशेब मांडा. १.२ व्होल्टचे दोन घट, प्रत्येकाची क्षमता १.२ अँपिअर-तास. २ × १.२ × १.२ × ३६०० म्हणजे सुमारे १० हजार ज्यूल. गंमत पाहा, हा साठा मेस्त्रीच्या तांब्यातल्या साठ्यापेक्षाही कमी आहे! तरी ती आयर्न चालली, कारण त्यांचे टोक इवलेसे असे आणि बटण दाबले असतानाच तापे. ठोकळा आपली बहुतेक उष्णता हवेला वाटून टाकतो. हे आयर्न जवळ थोडेच बाळगते आणि हवे तेव्हाच खर्च करते.

१९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आले आणि त्यामागच्या संशोधनाला २०१९ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. लॅपटॉपमध्ये असतो तसल्या एका घटात, ३.७ व्होल्ट व २.५ अँपिअर-तास धरले तर, ३३ हजार ज्यूल मावतात आणि वजन जेमतेम ५० ग्रॅम. विजेच्या बिनतारी ड्रिलची १८ व्होल्ट, २ अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर सुमारे १ लाख ३० हजार ज्यूल.

मग माझे चुकले कुठे?

माझ्या आयर्नचे टोक मोकळ्या हवेत ३५० अंशांपर्यंत तापत होते. तापमान पुरेसे होते. चार पेन्सिल सेलमध्ये एका सांध्यासाठी लागणारी ऊर्जा कितीतरी पटींनी होती. साठाही पुरेसा होता. कमी पडला तो वेग. ते आयर्न ८ वॅटचे होते, म्हणजे सेकंदाला फक्त ८ ज्यूल.

आता वायरीकडे पाहा. तिच्या तांब्याचा छेद २.५ चौरस मिलिमीटर. सांधा खोलीतल्या हवेपेक्षा २०० अंशांनी तापलेला आहे आणि पाच सेंटिमीटरवर वायर जवळजवळ थंड आहे, असे धरू. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४०० वॅट प्रतिमीटर प्रतिअंश. हिशेब केला तर एका बाजूने ४ वॅट उष्णता वाहून जाते, दोन्ही बाजूंनी मिळून ८. म्हणजे माझे आयर्न जेवढे देत होते, तेवढे सगळे वायर पळवत होती! गळक्या घागरीत चमच्याने पाणी भरण्यासारखेच ते. वायर कधी नीट तापलीच नाही. उलट इतका वेळ टेकवून धरल्याने लांबवरचे प्लास्टिकचे आवरण मात्र मऊ पडले. दुबळे आयर्न सौम्य असते, ही समजूत चुकीची आहे. जोरकस आयर्न दोन-तीन सेकंदांत काम उरकते आणि उष्णता पसरायच्या आत बाजूला होते.

पुढचा भाग तर अधिकच बोलका आहे. थंड सांध्याचा रोध खडखडाटाने हळूहळू वाढतो. तो अर्धा ओहम झाला आणि ब्रेक दाबल्यावर दिव्यांचा ४ अँपिअर प्रवाह त्यातून गेला, तर प्रवाहाचा वर्ग गुणिले रोध, म्हणजे १६ × ०.५, बरोबर ८ वॅट उष्णता त्या सांध्यातच निर्माण होते. ज्या आयर्नने सांधा केला, त्याच्याइतकीच! असा सांधा स्वतःलाच भाजत राहतो. त्या रात्री आमचे फक्त दिवे गेले. आवरणाने पेटही घेतला असता.

निवड कशी करावी?

म्हणून दुकानात गेल्यावर तीन प्रश्न वेगवेगळे विचारावेत : तापमान किती, साठा किती आणि वेग किती? खोक्यावर ठळक छापलेले असते ते बहुधा तापमान. तेवढ्यावर भुलू नये. दिव्यांच्या, हॉर्नच्या नेहमीच्या वायरींसाठी निदान २५ ते ४० वॅट हवेत. पेन्सिल सेलवरची आयर्न रेडिओतल्या केसासारख्या तारांसाठी ठीक, गाडीसाठी नाहीत. शिसेविरहित सोल्डर वापरणार असाल तर ते २१७ अंशांच्या आसपास वितळते, हेही हिशेबात धरावे. स्टार्टरला जाणाऱ्या २५ चौरस मिलिमीटरच्या केबलला मात्र वरच्याच हिशेबाने दोन्ही बाजूंना मिळून ८० वॅट पळतील. तिथे हातातले कोणतेच छोटे आयर्न पुरे पडत नाही. तिथे दाबून बसवलेले टर्मिनलच हवे.

दिवसभर, वस्तीपासून दूर काम असेल तर वायूच्या आयर्नला तोड नाही. पण त्याला पेटवावे लागते, त्याच्या छिद्रातून तप्त वायू निघतो आणि तापलेली जाळी पेट्रोलची वाफ पेटवू शकते. टाकीजवळ, इंधनाच्या नळीजवळ किंवा डॅशबोर्डखालच्या अडचणीत ते नकोच. शिवाय ब्यूटेनचा उत्कलनबिंदू उणे ०.५ अंश. लडाखच्या हिवाळ्यात तो वायूरूप व्हायलाच तयार नसेल आणि आपल्या मे महिन्यात बंद गाडीत त्याचा दाब धोकादायक होईल. थोडे काम, पण अडचणीच्या जागी असेल तर चांगल्या वॅटचे, तापमान राखणारे लिथियम बॅटरीचे आयर्न सोयीचे. एअरबॅगच्या वायरींना मात्र कोणत्याच आयर्नने हात लावू नये.

आणखी एक प्रश्न या सर्वांच्या आधीचा. सोल्डर करायचेच का? १९४१ मध्ये अमेरिकेत एएमपी ही कंपनी स्थापन झाली ती विमाने आणि जहाजांसाठी सोल्डरविरहित, दाबून बसवायची टर्मिनल पुरवण्यासाठी. सोल्डर वायरीच्या बारीक तारांमध्ये शोषले जाते आणि तिथपर्यंत वायर ताठ होते. सततच्या हादऱ्यांनी ती ताठरपणाच्या कडेलाच तुटते. म्हणूनच मोटारीच्या कारखान्यातले बहुतेक सांधे दाबून केलेले असतात. दुरुस्तीत सोल्डर केलेच, तर तारा आधी एकमेकींत घट्ट पिळाव्यात, वर आवळणारी नळी चढवावी आणि सांध्याच्या दोन्ही बाजूंना वायर बांधून घ्यावी, म्हणजे हादरे सांध्यावर येणार नाहीत.

शाळेत हे दाखवायला आयर्नही लागत नाही. एक जाड व एक बारीक, सारख्या लांबीच्या तांब्याच्या तारा घ्या. प्रत्येकीवर सारख्या अंतरांवर मेणाने टाचण्या चिकटवा आणि दोघींची टोके एकाच मेणबत्तीच्या ज्योतीत धरा. मग थोडी थोडी उष्णता दोघींना कशी पुरते ते मुलांनाच पाहू द्या. प्रत्यक्ष सोल्डरिंग करवून घेतलेत तर खिडक्या उघड्या ठेवा, राळेचा धूर नाकात जाऊ देऊ नका आणि शिसे हाताळल्यावर हात धुवायला लावा.

त्या रात्री मेस्त्रीने वायर जोडून दिल्यावर मी माझे आयर्न त्याला दाखवले. त्याने ते उलटसुलट करून पाहिले, टोकावर अंगठा फिरवला आणि परत देत म्हणाला, "भाऊ, हे तापतंय चांगलं. पण ह्याच्यात दम नाही." वॅट हा शब्द त्याने वापरला नाही, पण त्याला म्हणायचे होते ते नेमके तेच.